डेविटची ग्रिप: एका गावाचं हत्यार परदेशी गेलं, त्याचं प्रकरण

बाबांच्या पेटीत एक ग्रिप आहे, म्हणजे हात सोडला तरी धरून राहणारी पकड. दहा इंची, वाकड्या जबड्याची, जबड्याच्या मुळाशी तार कापायची धार. निकेलचा मुलामा केव्हाच उडालाय. हँडलवर ठोकलेली अक्षरं अर्धी झिजलीत, पण बोट फिरवलं की लागतात: डेविट, नेब्रास्का, यू.एस.ए.

बाबा माझगावला जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपात फिटर होते. ही ग्रिप त्यांनी दारूखान्यातून आणली, तोडायला आलेल्या जहाजाच्या इंजिनरूममधल्या सामानातून. आज ते पंच्याहत्तरीला आलेत, हाताला कंप आहे, पण सोसायटीच्या पंपरूममध्ये गंजलेला नट अडला की प्लंबर आधी आमची बेल वाजवतो. "आजोबा, ती तुमची ग्रिप द्या जरा." बाबा ती देत नाहीत. स्वतः घेऊन खाली उतरतात.

मी स्वतः एका इंजिनिअरिंग कंपनीच्या खरेदी खात्यात बावीस वर्षं काढलीत. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत माझी निम्मी नोकरी गेली. आमच्या खात्यात नवी मुलं आली की मी त्यांना डेविटचं प्रकरण सांगतो, कारण खरेदीचा कागद कुठपर्यंत पोचतो ते त्यात लख्ख दिसतं. आजवर तोंडीच सांगत आलो, आता सगळं लिहून काढतोय.

हत्यार काय आहे

साध्या पकडीत सगळा जोर माणसाच्या मुठीचा. मूठ सैल झाली की पकड सुटली. ग्रिपची गंमत तिच्या पोटात आहे. वरचं हँडल आणि वरचा जबडा एकसंध. खालचा जबडा एका रिव्हेटवर फिरतो आणि खालचं हँडल त्या जबड्याला जोडलेलं असतं. दोन्ही हँडलांच्या मध्ये एक बारीक पट्टी असते. तिचं एक टोक खालच्या हँडलला आणि दुसरं वरच्या हँडलच्या आत, मागून येणाऱ्या स्क्रूच्या टोकाला टेकलेलं. हँडलं दाबत गेलं की पट्टीची दोन टोकं आणि खालचं हँडल जबड्याला जोडलेला सांधा असे तीन बिंदू एका रेषेत येतात. ती रेषा केसभर ओलांडली की 'टक' असा आवाज होतो आणि ग्रिप बसते. मग हात काढून घ्या, लोंबकळा, वरून हातोडा मारा, ती सुटत नाही. मागचा स्क्रू फिरवून जबडा किती उघडा ठेवायचा आणि किती जोराने धरायचं ते ठरतं.

वाचताना सोपं वाटतं. पण ते 'केसभर' फार महत्त्वाचं. रेषा कमी ओलांडली तर धक्क्याने ग्रिप उघडते, जास्त ओलांडली तर सोडवताना तळहात सोलून निघतो. रिव्हेट थोडा ढिला बसला तर जबडे तिरके मिटतात. पत्र्याची हँडलं किंचित लवतात आणि त्या लवण्यातच पकडीचा जोर साठून राहतो, म्हणून पत्र्याची जाडीही मनाला येईल तशी बदलून चालत नाही. सगळ्यात नाजूक काम जबड्याच्या पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून, निववून ते कडक करायचं. पाणी जास्त झालं तर दाते तुटतात, कमी झालं तर दोन महिन्यांत झिजून गुळगुळीत होतात. बाबा नवी ग्रिप हातात घेतली की आधी दाते कानशीने हळूच घासून बघतात. कानस घसरली तर बरं, चावली तर ग्रिप परत.

लोहार, गाडीची डिकी आणि कारखाना

विल्यम पीटरसन हा डेन्मार्कहून अमेरिकेत आलेला लोहार. नेब्रास्का राज्यात लिंकन शहराच्या दक्षिणेला डेविट नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्याची भट्टी होती. तापलेला तुकडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने घण मारायचा, ही प्रत्येक लोहाराची अडचण. तिसरा हात कुठून आणायचा? १९२१ साली त्याने हँडलमध्ये स्क्रू असलेल्या पकडीचं पेटंट घेतलं आणि १९२४ साली बसणाऱ्या हँडलचं. हीच 'व्हाइस-ग्रिप'.

पहिला माल त्याने कुठल्या दुकानात ठेवला नाही. गाडीच्या डिकीत ग्रिप घालून तो डेविटच्या आसपासच्या शेतकऱ्यांकडे आणि मेकॅनिकांकडे स्वतः जायचा. समोर दाबून दाखवायचा आणि विकायचा. ही डिकी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

१९३८ साली गावात कारखाना उभा राहिला, पहिले कामगार होते ३७. अमेरिकेत त्या काळी पेटंट १७ वर्षं चालायचं, म्हणजे १९२४ चं मूळ पेटंट १९४१ मध्ये संपलं. तरीही कंपनी वाढत राहिली, कारण सुधारणा थांबल्या नव्हत्या. १९५७ मध्ये ग्रिप सहज सोडवणारी छोटी कळ आली. बाबांच्या ग्रिपला ती आहे. तिच्यावरचा मुलामा सगळ्यात आधी गेला, एवढा अंगठा तिच्यावर पडलाय.

मालकीचा प्रवास पटकन सांगतो. १९८५ साली कंपनीचं नाव अमेरिकन टूल कंपनीज झालं. १९९३ मध्ये तिने आयर्विन ही गिरमिटं बनवणारी ओहायोतली जुनी कंपनी घेतली. २००२ मध्ये नेवेल रबरमेडने हे सगळंच विकत घेतलं. नेवेलच्या पदरात तेव्हा प्लॅस्टिकचे डबे होते, शार्पी मार्कर होते, आपल्या ओळखीची पार्कर पेनं होती, बाळांच्या ढकलगाड्या होत्या. त्या रांगेत आता ग्रिपही जाऊन बसली.

कम्पॅरेटिव्ह

इथून पुढचं मला आतून कळतं, कारण असे कागद मी रोज बनवतो. ऑफिसात आम्ही त्याला नुसतं 'कम्पॅरेटिव्ह' म्हणतो. डावीकडे मालाचं वर्णन, वर पुरवठादारांची नावं, मग रकाने: दर, टॅक्स, वाहतूक, उधारी किती दिवसांची, माल कधी. शेवटी प्रत्येकाचा पोचता दर. सगळ्यात कमी आकड्याभोवती गोल, खाली सही.

नेवेलसारख्या कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे मोठाली साखळी दुकानं: होम डेपो, लोज, वॉलमार्ट. तिथे ग्रिप प्लॅस्टिकच्या वेष्टनात भिंतीवर टांगलेली असते. ती दाबून बघता येत नाही. शेजारी तशीच दिसणारी दुसरी, निम्म्या दराची. अशा भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात तुलना करायला एकच गोष्ट उरते, दराचं लेबल. दुकानाचा खरेदीवाला दरवर्षी येऊन सांगणार, यंदा दर खाली आणा. त्याची मान त्याच्या साहेबाच्या हातात. मी त्या खुर्चीत बसलोय, त्यामुळे त्याला वाईट म्हणणार नाही.

२००५ साली नेवेलने आपले सुमारे एक तृतीयांश कारखाने कमी करायचं जाहीर केलं. डेविटची पाळी त्यानंतर आली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी डेविटचा कारखाना बंद झाला आणि ग्रिपचं उत्पादन चीनमध्ये गेलं. सुमारे ३३० नोकऱ्या गेल्या. २००० सालच्या जनगणनेत या गावाची वस्ती होती ५७२. म्हणजे गावात जेवढी माणसं, त्याच्या निम्म्याहून जास्त नोकऱ्या एका छपराखाली होत्या, आणि आसपासच्या गावांतूनही लोक कामाला येत होते. तारीखही बघा. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडून दीड महिना झाला होता. अमेरिकेत दुसरीकडे काम मिळण्याची आशा दिवसेंदिवस कमी होत होती, तेव्हाच ही माणसं बाहेर पडली.

हे मी पहिल्यांदा बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "नोटीस किती दिवसांची होती? हिशोब झाला का सगळ्यांचा?" लालबाग-परळमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा हाच पहिला प्रश्न असतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगार बाहेर होते आणि त्यातल्या कितीतरी घरांत हिशोब हा शब्द पुढच्या पिढीपर्यंत चालत आला. मी त्यांना दोन्हीकडचा कायदा सांगितला. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याप्रमाणे शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने कारखाना बंद करताना ६० दिवस आधी कळवायचं असतं. सरकारची परवानगी लागत नाही. आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला परवानगी घ्यावी लागायची आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागायची. बाबा म्हणाले, "कागदावर आपलं चांगलं. हातात काय पडलं ते इथल्या चाळींना विचार."

चीनमध्ये बनलेली ग्रिप वाईट असते असं मी म्हणत नाही. आमच्या धंद्यात हे सरसकट बोलणारे खूप भेटतात, आणि ते चूक बोलतात. चीनचा कारखाना सांगाल तसा आणि दर द्याल तसा माल देतो. मला खटकतो तो कम्पॅरेटिव्हचा कागद. डेविटमध्ये सत्तर वर्षं एकाच गावातली माणसं एकच हत्यार बनवत होती. असं काम पिढीतून पिढीत जातं. डाय, म्हणजे ठोकायचा साचा, किती ठोक्यांनंतर बसायला लागतो, कुठल्या आवाजाला प्रेस थांबवायची, भट्टीचा रंग कसा दिसला की जबडा बाहेर काढायचा, यातलं बरंचसं कुठल्या ड्रॉइंगवर नसतं. माझ्या कागदात त्याला रकाना नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. शून्य किमतीची वस्तू फेकताना कोणाचा हात थांबत नाही.

परत आणायला गेले तेव्हा

२०१७ हे वर्ष या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. त्या वर्षी दोन व्यवहार झाले. नेवेलने आयर्विन, लेनॉक्स आणि सगळा हत्यारांचा धंदा स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर या हत्यारांच्या बड्या अमेरिकी कंपनीला १९५ कोटी डॉलरना विकला. व्हाइस-ग्रिप हे नाव त्यात गेलं. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातल्या माल्को या पत्र्याच्या कामाची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीने डेविटचा बंद कारखाना घेतला. नाव एकाकडे गेलं आणि जागा दुसऱ्याकडे.

माल्कोला तिथे पुन्हा ग्रिप बनवायची होती. नाव वापरता येत नव्हतं म्हणून त्यांनी 'ईगल ग्रिप' नाव घेतलं. हत्यार बाजारात आलं २०२० मध्ये. ज्या छपराखाली सत्तर वर्षं हेच हत्यार रोज बनत होतं, तिथे ते पुन्हा उभं करायला तीन वर्षं लागली. मधे फक्त नऊ वर्षांचा खंड पडला होता. भाव परदेशी ग्रिपच्या काही पट. २०२२ मध्ये माल्कोनेही तिथलं काम थांबवायचं जाहीर केलं.

असंच आणखी एक उदाहरण, ते थोडक्यात. सीअर्स या दुकानांच्या साखळीचा क्राफ्ट्समन हा अमेरिकेतला घराघरात पोचलेला हत्यारांचा ब्रँड. त्याचंही बरंचसं काम परदेशी गेलं होतं. २०१७ मध्ये स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरने तो घेतला आणि २०१९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये त्याच्या पान्ह्या-सॉकेटसाठी ९ कोटी डॉलरचा कारखाना जाहीर केला. सुमारे ५०० नोकऱ्या मिळतील असं सांगितलं होतं. माणसं कमी आणि यंत्रं जास्त, असा बेत. यंत्रं ठरल्याप्रमाणे चालली नाहीत आणि २०२३ मध्ये कारखाना बंद केला. पैसा, नाव, बाजार सगळं हाताशी असलेल्या कंपनीची ही गोष्ट. आमच्याकडे नवा साहेब आला की म्हणतो, आता बाहेरून घेऊ, जमलं नाही तर पुन्हा घरात बनवू. तेव्हा मी त्याच्यापुढे फोर्ट वर्थ ठेवतो.

माझ्या बोलण्याला छेद देणारंही एक उदाहरण आहे, ते लपवणं बरोबर नाही. चॅनेललॉक ही १८८६ पासूनची कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावात आजही पकडी बनवते. तिचा मालही साखळी दुकानांत त्याच भिंतीवर टांगलेला असतो. मग ती कशी टिकली? मला दिसतं ते असं: कंपनी पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याकडे राहिली. ग्रिपला ढकलगाड्यांच्या आणि प्लॅस्टिकच्या डब्यांच्या नफ्याशी बरोबरी करावी लागली, तशी वेळ त्यांच्या पकडीवर आली नाही. थोडा कमी नफा चालेल की नाही, हे घरातल्याच टेबलावर ठरत होतं.

डिकी पुन्हा

माल्कोनंतर डेविटचा तो कारखाना स्नॅप-ऑनने घेतला. ही १९२० सालची कंपनी विस्कॉन्सिनच्या केनोशा शहरातली. तिचा धंदा समजून घेण्यासारखा आहे. तिचा माल मुख्यतः व्हॅनमधून विकला जातो. ठरलेल्या वारी व्हॅन गॅरेजच्या दारात उभी राहते, मेकॅनिक आत चढतो, हत्यार हातात घेतो, दाबतो, फिरवतो, पटलं तर हप्त्यावर घेतो. पुढच्या आठवड्यात तोच विक्रेता पुन्हा येणार, हप्ता मागणार आणि हत्यार नीट चालत नसेल तर ऐकूनही घेणार. भाव साखळी दुकानापेक्षा कितीतरी चढा, तरी लोक घेतात.

पीटरसनची डिकी आठवा. जो हत्यार बनवतो किंवा विकतो आणि जो ते वापरतो, ते दोघं समोरासमोर उभे असतात तेव्हा दाते, रिव्हेट, ते 'टक', सगळं मोजलं जातं. मधे भिंत आली की फक्त लेबल मोजलं जातं. डेविटची ग्रिप कुठे बनायची हे वेळोवेळी ती कशी विकली जाते यावरून ठरत गेलं, असं माझं मत आहे. चीनचा मजूर स्वस्त होता हे खरंच, पण स्वस्त मजूर त्याआधीही जगात होताच.

मुंबईत बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट मनात येते. परदेशी गेलेलं काम कोणाच्या तरी गावात येऊन उतरतं. जालंधर आणि लुधियान्याच्या पट्ट्यात पाने आणि पकडी बनतात, जगभर जातात, परदेशी नावं लावूनही जातात. डेविटसाठी जे 'परदेशी' आहे, त्यात आपणही येतो. आणि ज्ञान आणायचंच असेल तर ते नीट आणताही येतं. नाशिकची टपारिया घ्या. १९६० च्या दशकात स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिथे काम सुरू झालं आणि आज मुंबईत वायरमनच्या पिशवीत हात घातला तर बहुतेक वेळा तीच पक्कड लागते. शिकवणारे आणि शिकणारे एका कारखान्यात बसल्याशिवाय असं होत नाही.

मागच्या पावसाळ्याआधी मला चाळीस ग्रिप घ्यायच्या होत्या. तीन कोटेशनं आली होती आणि ऑफिसात बसून कम्पॅरेटिव्ह तयार करता आला असता. मी मशीद बंदरला उतरून नागदेवीला गेलो. दुकानातल्या काकांनी वर्तमानपत्र पसरून तीन ग्रिप ठेवल्या. मी दर विचारायच्या आत म्हणाले, "आधी दाबून बघा." मग स्वतःच एक उचलली, काउंटरच्या कडेच्या लोखंडी पट्टीला लावली, टक, आणि तिच्यावर हाताने पूर्ण भार दिला. ग्रिप हलली नाही. दुसरी लावली, ती भार पडताच सुटली. ती त्यांनी न बोलता बाजूला ठेवली. तिसरी मी लावली. माझी मूठ कमी पडली तर काकांनी मागचा स्क्रू अर्धा फेरा सोडून दिला.

"ह्याचे दाते गेले तर?" मी विचारलं.

"घेऊन या. कंपनीचा माणूस दर महिन्याला येतो, त्याच्या हातात देतो. तो नाही म्हणाला तर मी बदलून देईन, आणि पुढच्या वेळी त्याचा माल ठेवणार नाही."

तिघांत या ग्रिपचा दर दुसऱ्या क्रमांकाचा होता. मी कम्पॅरेटिव्हमध्ये एक रकाना वाढवला, 'तक्रार कोण ऐकणार', आणि त्याखाली काकांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली. चाळीसातली एक मी घरी नेऊन बाबांना दाखवली. त्यांनी कानस मागवली.